मुख्यालयाचा ठराव आणि अकरा महिन्यांची ऑर्डर

दुर्गम भागातल्या सिस्टर, म्हणजे सरकारी आरोग्य सेविका, नोकरी का सोडतात, हे समजायला गावपातळीवरच्या आरोग्य उपकेंद्रापासून सुरुवात करावी लागते. त्याचा निकष सगळ्यांना पाठ आहे: सपाटीवर 5000 लोकसंख्येमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात 3000 मागे एक. मेळघाटातलं धारणी, चिखलदरा आणि गडचिरोलीतलं एटापल्ली, भामरागड अशा पट्ट्यात सिस्टर टिकाव्यात म्हणून 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने एकस्तर (म्हणजे एक पायरी वरची) वेतनश्रेणी आणि मूळ पगाराच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ता दिला. भत्त्याला 1500 रुपयांची कमाल मर्यादा मात्र तेव्हाच घातली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्या मानाने ही रक्कम किरकोळच.

खरा बदल 2005 नंतरचा. ग्रामीण आरोग्य अभियानातून उपकेंद्रावर दुसरी आरोग्य सेविका आली, पण कंत्राटी. ऑर्डर अकरा महिन्यांची, मग सेवा सलग धरली जाऊ नये म्हणून तांत्रिक खंड, मग नवी ऑर्डर. लसीकरणाचं सत्र, गरोदर मातांची तपासणी, रात्रीअपरात्रीची प्रसूती, वर ऑनलाइन एंट्री, हे सगळं कायम नोकरीतल्या सिस्टरसारखंच. पगार तेवढा मानधनाचा. 2005 मध्येच 1 नोव्हेंबरपासून राज्याच्या सेवेत नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शनही गेली. म्हणजे पर्मनंट होण्याचं मोठं आकर्षणच कमी झालं.

सगळ्यात जास्त कटुता मात्र मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहण्याच्या अटीने आणली. 9 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव लागू झाला. गावकऱ्यांची बाजू खोटी नाही. रात्री दोनला कळा सुरू झाल्या आणि क्वार्टरला कुलूप असेल, तर त्यांनी काय करायचं? पण क्वार्टरचं छत गळतं, नळाला पाणी नाही, दाराची कडी आतून नीट लागत नाही, आणि रात्री एकटी बाई. क्वार्टर राहण्याजोगं आहे का, हे कोणी विचारत नाही. राहते का, याचा मात्र ठराव लागतो. ग्रामसभेत गटबाजी असली तर तो ठराव कोणाच्या हातात जातो, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मुलं दहावी-बारावीला आली की घर अमरावती-नागपूरला हलतं. सिस्टर काही दिवस अपडाऊन करते, नोटिसा घेते आणि मग राजीनामा देते. नोंदीत फक्त 'वैयक्तिक कारण' येतं.

नोकरी सोडणाऱ्या सिस्टर सगळ्याच काही नागपूरच्या खासगी दवाखान्यात जात नाहीत. तिथे तीन पाळ्या आणि पगार त्याहून कमी. कित्येकजणी पेशाच सोडतात.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, त्यात सिस्टरही होत्या. मग 14 मार्च 2024 ला दहा वर्षं पूर्ण केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित सेवेत घेण्याचा, निर्णय निघाला, तोही 30 टक्के पदांपुरता. अंमलबजावणी रखडली आणि 19 ऑगस्ट 2025 पासून कंत्राटी कर्मचारी पुन्हा संपावर गेले. तोवर कंत्राटी सिस्टरांच्या पहिल्या तुकडीतल्या काहीजणी वयाची पन्नाशी गाठत आल्या होत्या.