कॅमेरा विकत घ्यायचा की भाड्याने? आधी शूटचे दिवस मोजा

कमी बजेटची फिल्म आहे, कॅमेरा घेऊनच टाकू का, नंतरच्या कामालाही येईल, असं आमच्याकडे जवळजवळ रोज कुणीतरी विचारतं. आम्ही गिअर भाड्याने देतो म्हणजे आम्ही "भाड्यानेच घ्या" म्हणणार असं वाटेल, पण काही वस्तू खरंच विकत घ्यायला हव्यात आणि ते आम्ही तोंडावर सांगतो.

गेल्या वर्षी किती दिवस शूट केलं ते मोजा, ठरवलेले नाही, प्रत्यक्षात झालेले दिवस. समजा कॅमेऱ्याची किंमत ६० दिवसांच्या भाड्याएवढी आहे आणि तुमचं शूट वर्षाला १२ दिवस, तर पैसे वसूल व्हायला ५ वर्षं, आणि तोवर नवीन मॉडेल येऊन जुन्याची रिसेल पडलेली असते. शिवाय नुसत्या बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, भागत नाही. उदाहरणार्थ ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के हा कॅमेरा, बॉडी परवडते, पण तिची छोटी बॅटरी जेमतेम तासभर टिकते आणि प्रोरेस ४२२ एचक्यू या मोठ्या फाइलच्या रेकॉर्डिंग फॉरमॅटमध्ये ४के शूट केलं की तासाला ३०० जीबीच्या वर डेटा, मग एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह), बॅकअप, केज (कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट), मोठ्या बॅटऱ्या, आणि लेन्स तर अजून घेतलीच नाही.

साउंडचं मात्र उलटं आहे. बूम माइक (लांब काठीवर धरायचा माइक), हेडफोन, साधा रेकॉर्डर प्रत्येक शूटला लागतोच, आणि ४८ व्होल्ट फँटमवर, म्हणजे रेकॉर्डरकडून केबलमधून मिळणाऱ्या विजेवर, चालणारा २० वर्षांपूर्वीचा चांगला माइक आजच्या रेकॉर्डरलाही चालतो, म्हणून पैसे असतील तर पहिले इथे घाला. दणकट ट्रायपॉड आणि मेमरी कार्डंही स्वतःची असू द्या. लाइट, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं हँडल), लेन्सचा सेट गरजेपुरता भाड्याने.

भाड्याने नेताना आदल्या दिवशी या, घाईत नेऊ नका. लेन्स लावून फोकस बघा, २ मिनिटं रेकॉर्ड करून लॅपटॉपवर प्ले करा. एक टीम पीएल माउंटच्या लेन्स आणि ई माउंटची बॉडी घेऊन गेली (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला बसते ती जोडणी, दोन्हींची वेगळी), दोघांना जोडणारा अ‍ॅडाप्टर राहिला, त्यांचा अख्खा सकाळचा उजेड गेला, आम्हीही विचारलं नव्हतं याचं अजून वाईट वाटतं, आता आम्ही प्रत्येकाला माउंट विचारतोच. तसंच एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी लेन्सपुढची गडद काच. सेकंदाला २४ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवून भर उन्हात शूट करताना एनडी नसेल तर लोक अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येतो ते छिद्र) एफ/२२ पर्यंत, म्हणजे अगदी बारीक, करतात आणि पिक्चर सॉफ्ट होतं, मग चांगली लेन्स आणून काय उपयोग.

डिपॉझिट, तुटफूट आणि उशिराचं भाडं हे सगळं बिलावर लिहून घ्या, आमच्याकडूनही. बॅटऱ्या आम्ही चार्ज करून देतो, पण चार्जर बॅगेत आहे ना ते निघायच्या आधी स्वतः उघडून बघा.