शिशाच्या पाटीवरचा आकडा

लंडनमधल्या जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीवर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, कधी कधी धातूची छोटी पाटी दिसते. घराचा आगीचा विमा उतरवला आहे, याची ती विमा कंपनीने लावलेली खूण. १६६६ ची आग आणि १६८० नंतर निघालेल्या विमा कंपन्या यांची गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते, ती इथे पुन्हा सांगत नाही.

गुंता आहे तो एका दंतकथेचा. पाटी नसेल तर विमा कंपनीने पदरी ठेवलेले आग विझवणारे बंबवाले हात बांधून घर जळताना बघत राहायचे, असं जुन्या वस्तूंचे विक्रेते अजूनही रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. घरं एकमेकांना खेटून होती. बिनविम्याचं घर जळू दिलं, तर तासाभरात शेजारचं विमा उतरवलेलं घर पेटणार आणि भरपाई कंपनीच्याच माथी येणार. शिवाय अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्याने आगीपाशी पहिल्या पोचणाऱ्या पॅरिशच्या (म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे पाडलेल्या स्थानिक विभागाच्या) पंपाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० असं बक्षीस ठरवून दिलं होतं. म्हणजे पैसा लवकर पोचण्याला होता, पाटीला नव्हता. कंपन्यांचे बहुतेक बंबवाले एरवी थेम्सवर नावा चालवणारे. त्यांच्यावर निर्दयपणाचा हा डाग बसला, तो सरळसरळ अन्याय आहे.

दुसरा घोळ शब्दांचा. सगळ्याच पाट्यांना सरसकट ‘फायर मार्क’ म्हटलं जातं. जाणकार संग्राहक मात्र ‘मार्क’ आणि ‘प्लेट’ वेगळे धरतात. मार्क शिशाचा, सुरुवातीच्या काळातला. एका प्रसिद्ध नमुन्यात वर किरणांचा सूर्य, त्याला माणसाचा चेहरा आणि खालच्या पट्टीत ठोकून उमटवलेला पॉलिसी क्रमांक. पुढे तांब्याच्या आणि पत्र्याच्या पाट्या आल्या, त्या प्लेटा. त्यांवर बहुधा क्रमांक नसतो. त्या जाहिरातीच्या. १८३३ मध्ये लंडनच्या बऱ्याच कंपन्यांची पथकं एकत्र झाली, १८६१ ला टूली स्ट्रीटच्या गोदामांना प्रचंड आग लागली, त्यानंतर १८६६ पासून सार्वजनिक अग्निशमन दल आलं. घर ओळखण्यासाठी पाटी लागेनाशी झाली, तरी प्लेटा लागतच राहिल्या.

आता बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. ज्या नमुन्याचा मूळ मार्क शिशाचा, तोच बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा दिसला की समजावं. त्याहून वाईट म्हणजे भिंतीवरून उचकटून विकणं. त्या काळच्या पॉलिसीच्या वह्यांपैकी बऱ्याच लंडनच्या अभिलेखागारात आजही आहेत. शिशावरचा आकडा तिथे जुळला, तर घरमालकाचं नाव, धंदा, घर विटांचं की लाकडी, विमा किती पौंडांचा, सगळं हाती लागतं. पण नंतर रस्त्यांची नावं बदलली, घरांना क्रमांक उशिरा मिळाले. वहीतलं घर नेमकं कुठलं, हे त्या भिंतीवर राहिलेली पाटीच दाखवते. म्हणून असा मार्क विकायला आला की मी किंमत नंतर विचारतो, आधी तो कुठल्या भिंतीवरून काढला ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही.