न्यूसम, जात आणि एक नकाराधिकार

जातिभेदाला कायद्यात स्पष्ट बंदी घालणाऱ्या एसबी ४०३ या विधेयकावर सही न करता कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी ते परत पाठवलं, तेव्हा सोबतचं पत्र जेमतेम काही ओळींचं होतं. जातीवरून भेदभाव करायला राज्यात आधीच बंदी आहे, नागरी हक्कांचे कायदे व्यापक अर्थानेच लावायचे असतात, म्हणून विधेयक अनावश्यक, एवढाच त्याचा मथितार्थ.

अशा कायद्याच्या मागणीला जोर आला तो २०२० मध्ये. सॅन होजेतल्या एका बड्या नेटवर्किंग कंपनीत दलित इंजिनिअरला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी डावललं, असा दावा करत राज्याचं नागरी हक्क खातं कोर्टात गेलं. कायद्यात जातीचा वेगळा उल्लेख नव्हता. खात्याने वंश, धर्म, पूर्वजपरंपरा अशा सदरांत प्रकरण बसवलं. जातिभेद बेकायदा ठरत नाही, असं कंपनीच्या मनुष्यबळ विभागानेच या इंजिनिअरला सांगितल्याचं दाव्यात नमूद आहे. ‘आधीच बंदी आहे’ हे पत्रातलं वाक्य याच्याशेजारी ठेवून वाचावं. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

तोवर राज्य विद्यापीठाने आपल्या नियमांत जात घातली होती, सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध स्थानिक कायदा मंजूर केला होता. मे महिन्यात सिनेटने विधेयक ३४ विरुद्ध १ मतांनी पुढे पाठवलं. खालच्या सभागृहात ते मवाळ झालं: जातीचं स्वतंत्र सदर गेलं, पूर्वजपरंपरेच्या व्याख्येत तिचा समावेश झाला. तरी विरोध ओसरला नाही. विधेयकात कुठल्याच धर्माचं नाव नव्हतं, पण बोट हिंदूंकडेच आहे, असं काही हिंदू संघटनांचं म्हणणं होतं. विधेयकावर सही व्हावी म्हणून समर्थक राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, उपोषणाला बसले. नकाराधिकार उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे ४० जणांच्या सिनेटमध्ये २७. पण ती वाट तिथे कधीचीच बुजली आहे, गेल्या चाळीस वर्षांत कुठल्याही गव्हर्नरचा नकार सभागृहांनी उलटवलेला नाही.

न्यूसम यांचा आधीचा लौकिक कायद्याच्या अक्षराला चिकटून राहण्याचा नव्हता, म्हणून हा निर्णय अधिक खटकला. वाइनच्या दुकानातून सॅन फ्रान्सिस्कोच्या राजकारणात आलेल्या या माणसाने महापौर झाल्यावर महिन्याभरातच, फेब्रुवारी २००४ मध्ये, समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने द्यायला लावले. राज्याचा कायदा सरळसरळ उलट होता. अर्जावरचे वधू आणि वर हे रकाने जाऊन पहिला अर्जदार, दुसरा अर्जदार असे आले. सुमारे चार हजार जोडप्यांनी परवाने घेतले. मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले, ऑगस्टमध्ये विवाह रद्दबातल ठरवले. पक्षातल्या ज्येष्ठांनीही घाई केली म्हणून कान उपटले.

२०१९ मध्ये गव्हर्नर झाल्यावर ७३७ कैद्यांच्या फाशीला त्यांनी एका आदेशाने स्थगिती दिली. फाशी रद्द करायला मतदारांनी २०१६ मध्येच नकार दिला होता. २०२१ ची त्यांना पदावरून हटवण्यासाठीची निवडणूक मात्र त्यांनी सहज जिंकली. २०२३ पर्यंत त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या महत्त्वाकांक्षेची चर्चा उघड होऊ लागली होती. नकाराधिकारामागे देणगीदारांचा दबाव असल्याचं टीकाकार म्हणाले. पत्रात अर्थातच त्याचा मागमूस नाही.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षेचं विधेयकही त्यांनी परत पाठवलं, तेही मोठ्या कंपन्यांच्या विरोधानंतर. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत घालणाऱ्या विधेयकावर मात्र सही झाली. त्यानंतर महिन्याभरात मतदारसंघ नव्याने आखण्याचा त्यांचा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला. त्यांची मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपते.