जिग्लीपफ दुबळी नाही
‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ या 2001 च्या लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये जिग्लीपफ हे हलके पात्र फॉक्स या वेगवान पात्रासमोर टिकूच शकत नाही आणि तिचा ‘रेस्ट’ हा डाव (प्रतिस्पर्ध्याला चिकटून झोपी जात जोरदार फटका देणे) निव्वळ नशिबाचा असतो, हा समज चुकीचा आहे. फॉक्सच्या वरच्या दिशेच्या जोरदार फटक्याने ती लवकर बाद होते, हे खरे. परंतु फॉक्स झपाट्याने खाली पडत असल्यामुळे, त्याचे फटक्यांनी साचलेले नुकसान ठरावीक टप्प्यात असताना त्याला वर फेकून लगेच ‘रेस्ट’ लावता येतो, आणि हे सरावाने साधते. डाव चुकला तर मात्र ती झोपून राहते. 2016 मध्ये हंग्रीबॉक्स या खेळाडूने जिग्लीपफ घेऊनच ‘इव्हो’ ही लढतीच्या गेमची मोठी स्पर्धा जिंकली.