वीस गाठींची दोरी आणि औंधचे नमस्कार

पहाटे लवकर उठायचे, दहा मिनिटे ध्यान करायचे, आरशासमोर उभे राहून ‘मला जमेल’ म्हणायचे, थोडा व्यायाम, रात्री झोपण्यापूर्वी वहीत चार ओळी. मनाची ताकद आणि आत्मविश्वास वाढवण्यासाठी आज जो दिनक्रम सुचवला जातो, त्यात साधारण एवढ्या गोष्टी असतात. एकाच यादीत बसल्यामुळे त्या एकाच घरच्या वाटतात. वंशावळ काढून पाहिली तर घराणी दोन निघतात. एक मनाशी बोलत बसणारे, दुसरे आधी हातपाय हलवायला लावणारे.

महाराष्ट्रात ही दोन्ही घराणी समर्थ रामदासांपाशी एकत्र दिसतात. मनाचे श्लोक २०५, भुजंगप्रयात वृत्तातले, म्हणजे पाठ व्हायला सोपे आणि तालावर म्हणायला आणखी सोपे. दिवेलागणीला शुभंकरोती, पाढे आणि हे श्लोक असा परवचा कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालला. मनाला ‘सज्जना’ म्हणून हाक मारायची, समजावायचे, प्रसंगी दटावायचे आणि हे रोज करायचे. त्याच रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे रोज बाराशे नमस्कार घातले, असे परंपरा सांगते. आकडा भक्तांनी वाढवलाही असेल. पण ‘आधी केलेचि पाहिजे’ म्हणणाऱ्या माणसाच्या चरित्रात तो शोभतो खरा. त्यांनी स्थापलेले अकरा मारुती आणि पुढे तालमीतालमीत बसलेला मारुती यांचे नाते सांगायला नको. एक फरक मात्र मोठा आहे. या साऱ्या खटाटोपात ‘स्वतःचा विकास’ हे साध्य नव्हते. साध्य उपासना होते, नंतरच्या काळात समाज आणि राष्ट्र झाले. धीटपणा वाटेत मिळायचा.

तालमीत तर या विषयावर कोणी प्रवचनही देत नसे. वस्ताद पोराला पहिल्या दिवशी झेपतील तेवढ्या बैठका घालायला लावायचा, मग हळूहळू आकडा चढवायचा. लाल मातीत पडायचे, उठायचे, पुन्हा भिडायचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला, १९१२ चे खासबाग मैदान ज्याची खूण आहे, त्यामुळे ही शिस्त बहुजन घरांतल्या पोरांपर्यंत पोहोचली. शहरी शिकलेल्या वर्गाला तालमीची आठवण मात्र वेगळ्या कारणाने झाली. हिंदी माणूस दुबळा, भित्रा, हे इंग्रज उघड बोलत होते आणि शाळा-कॉलेजातली पोरे खरोखरच पुस्तकांनी वाकलेली होती. टिळकांची गोष्ट प्रसिद्धच आहे. डेक्कन कॉलेजात गेल्यावर प्रकृती तोळामासा आहे हे ओळखून त्यांनी पहिले अख्खे वर्ष शरीर कमावण्यात घालवले आणि त्या वर्षीच्या परीक्षेत नापास झाले. पुढच्या आयुष्यातली त्यांची सोशिकता पाहता सौदा महाग पडला असे म्हणवत नाही. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. तिकडे बडोद्यात प्रो. माणिकराव जुम्मादादा व्यायामशाळा चालवत होते. माणिकरावांच्याच हाताखाली तयार झालेले स्वामी कुवलयानंद पुढे योगाकडे वळले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि आसन-प्राणायाम करताना शरीरात नेमके काय घडते, हे यंत्रांनी मोजायला घेतले. आज ‘श्वासावर लक्ष द्या, मन शांत होते’ हे डॉक्टरही सांगतात, त्यामागे ही मोजमापाची परंपरा आहे.

सगळ्यांत रंजक प्रकरण औंधचे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव, १९०९ साली साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या गादीवर आले. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे पक्के वेडे. तरुणपणी त्यांना भुरळ पडली होती ती युजेन सँडोची. हा प्रशियात जन्मलेला पहिलवान तेव्हा जगभर गाजत होता. त्याचे पुस्तक आणि साधने आणवून बाळासाहेबांनी वर्षानुवर्षे नेमाने त्याचा व्यायाम केला आणि मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडे वळले. इतकी वर्षे परदेशी साधने वापरलेल्या माणसाचा हा निर्णय असल्याने त्यात नुसता अभिमान नव्हता, हिशेबही होता. नमस्काराला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते. लहान पोर, म्हातारा, बाई, पुरुष सगळ्यांना जमतो. त्यांनी नमस्काराची दहा अंकांत आखणी केली, सोबत मंत्र ठेवले आणि संस्थानातल्या शाळांत तो रोजचा केला. मुलींना आणि बायकांनाही घालायला लावला, हे त्या काळात थोडेथोडके नव्हते. तालमीचा उंबरा बायकांना बंदच होता. अंगणात, माजघरात करता येणारा व्यायाम मिळाला म्हणून निदान काही जणींची वाट मोकळी झाली. अर्थात पहाटेच्या त्याच वेळी पाणी भरणे, दळण आणि चूलही असायची. स्वतःसाठी राखलेली सकाळ कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न तेव्हाही होता. आजच्या पहाटे पाचच्या गजरापाशीही तो तसाच उभा आहे.

१९२८ साली बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच्या नावातच आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य अशी तीन आश्वासने होती. १९३८ मध्ये लंडनमधल्या पत्रकार लुईस मॉर्गन यांच्या साहाय्याने नमस्काराचे पुस्तक थेट इंग्रज वाचकांपुढे गेले. मधले ‘कार्यक्षमता’ लक्षात ठेवण्यासारखे आहे. देवासाठी किंवा देशासाठी चाललेली रोजची सवय इथे माणसाच्या स्वतःच्या कामगिरीकडे वळू लागली होती.

पश्चिमेत ते वळण आधीच आले होते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात तेरा गुणांची यादी करून एका छोट्या वहीत तक्ता आखला होता. आठवड्याला एका गुणावर भर द्यायचा, चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. मोबाइलवरची सवयी मोजणारी ॲप त्या वहीच्या फार पुढे गेलेली नाहीत. १८५९ साली सॅम्युअल स्माइल्स यांनी स्वावलंबनावरचे पुस्तक लिहिले आणि थोरांच्या चरित्रांतून चिकाटी शिकवणाऱ्या लेखनाचा पूरच आला.

मनाशी बोलण्याचा जो प्रकार आज सर्रास चालतो, त्याचा उगम मात्र फ्रान्समधल्या एमिल कुए या औषधविक्रेत्याकडे जातो. औषध देताना चार चांगले शब्द बोलले तर रोग्याला गुण लवकर येतो, हे त्यांनी पाहिले होते. नान्सी गावात ते लोकांना सांगत, की झोपताना आणि जाग आल्यावर डोळे मिटून वीस वेळा म्हणा, दिवसेंदिवस सगळ्या बाजूंनी माझे बरे होत चालले आहे. मोजण्यात लक्ष जाऊ नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी हातात घ्यायची. जपमाळ पाहिलेल्या माणसाला ही दोरी ओळखीची वाटेल. १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेत कुएंच्या नावाचा मोठा बोलबाला झाला. पण नुसत्या घोकण्याची मर्यादाही आहेच. जे वाक्य आतून खोटे वाटते, ते शंभरदा म्हटले तरी खोटेच वाटते.

या अडचणीवर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी तोडगा काढला, तोही आधी स्वतःवर. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना धास्ती होती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की तिच्याशी बोलायचेच, असा त्यांनी नेम केला. शंभराहून अधिक जणींशी बोलायचा प्रयत्न झाला. कित्येक उठून गेल्या, कोणीही आरडाओरडा केला नाही, आभाळ कोसळले नाही, आणि भीती गेली. १९५५ च्या सुमारास त्यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्यात मनाशी बोलणे आहे, पण ते उलटतपासणीसारखे. ‘हे झालेच पाहिजे’ या हट्टाला पुरावा मागायचा आणि जोडीला प्रत्यक्ष करायचा गृहपाठ. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाच्या आरोग्याची भाषा व्याख्यानांतून, लेखांतून, नंतर यूट्यूबवरून साध्या मराठीत आणली. एलिस आणि संतवाङ्मय शेजारी ठेवून बोलायची सोय मराठी श्रोत्याला तिथे मिळाली. मला ती जोड ओढूनताणून आणलेली वाटत नाही. विवेक ही रामदासांचीही आवडती गोष्ट होती.

दोन घराण्यांत कोणाचे पारडे जड, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ च्या निबंधात दिले. ‘हे मला जमेल’ ही खात्री त्यांच्या मते चार ठिकाणांहून येते. स्वतः करून मिळालेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, कोणीतरी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, थकवा वगैरे. यात सर्वांत बळकट पहिले. शब्दांचा धीर उपयोगी असतो, पण हाताशी अनुभव नसेल तर लवकर विरतो. सापाची प्रचंड भीती असलेल्या माणसांना पायरीपायरीने सापाजवळ नेऊन त्यांनी हे दाखवले होते. वस्ताद आकडा हळूहळू का चढवायचा, याचे कारण त्या पायऱ्यांत सापडते.

राहता राहिले एकवीस दिवस. सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, हे वाक्य मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरले. त्यांनी म्हटले होते इतकेच, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. ‘निदान’ गळून पडले आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खाणे, पिणे, व्यायाम यांपैकी एक नवी गोष्ट रोज करायची होती. ती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवस निघाला, कोणाला १८ दिवस, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. एकवीस दिवसांच्या छापील तक्त्यांवर एवढे मात्र कोणी लिहीत नाही.