समाधानी तरुण आणि आशावादी तरुण: शिडी एक, प्रश्न दोन

दरवर्षी मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो आणि माझी चिडचिड सुरू होते. २०२४ च्या अहवालात वयोगटांनुसार क्रमवारी होती. साठीपुढच्यांत अमेरिका दहावी, तिशीच्या आतल्यांत थेट बासष्टावी. झालं! अमेरिकी तरुणांची आशाच संपली, असं सांगणारे जिकडेतिकडे भेटू लागले. अहो, ती क्रमवारी आशेची नव्हतीच.

ती होती समाधानाची. तो प्रश्न बहुतेकांना पाठ असतो. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी, वरच्या टोकाला तुमच्यासाठी शक्य तितकं चांगलं आयुष्य, तळाशी सगळ्यात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? फिनलंड २०१८ पासून पहिला येतो तो याच प्रश्नावर. यापलीकडे त्यात समजावण्यासारखं काही नाही.

पण हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये ही शिडी मांडली, तेव्हा तिच्यासोबत आणखी एक प्रश्न होता: पाच वर्षांनी कुठल्या पायरीवर असाल? गॅलप ही जनमत पाहणी संस्था आजही जगभर दोन्ही प्रश्न विचारते. क्रमवारीत मात्र फक्त पहिलाच येतो. आशा राहते ती दुसऱ्यात, आणि तिथेच सगळे घसरतात.

समजा, एकजण आज चौथ्या पायरीवर आहे आणि पाच वर्षांनी सातवी गाठू म्हणतो. दुसरी आज सातवीवर आहे आणि तिथेच राहीन म्हणते. आशावादी कोण? पहिला. बऱ्या स्थितीत कोण? दुसरी. पहिल्याचं स्वप्न म्हणजे दुसरीची आजची सकाळ. म्हणून गरीब देशांतले तरुण जास्त आशावादी आहेत हे वाचून ‘बघा, पैशाशिवायही माणूस किती सुखी असतो’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तो सुखी नाही, घाईत आहे. शिवाय शिडीला टोक असतं हेही लक्षात घ्या: आठवीवर उभ्या असलेल्याला आशा दाखवायला दोनच पायऱ्या उरलेल्या असतात.

मग तरुणांच्या आशेत प्रदेशाप्रदेशांत एवढा फरक का पडतो? माझ्या मते मुख्य कारण आईवडील. आपण कुठवर जाऊ हे माणूस आपलं माणूस कुठून कुठे आलं यावरून ठरवतो. आई शाळेत गेली नव्हती आणि मुलगी कॉलेजात आहे, अशा घरात चढ डोळ्यांनी दिसतो. श्रीमंत देशात तो चढ आधीच्या पिढीने चढून संपवलेला असतो. अमेरिकेबद्दल अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं आहे: १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक आईवडिलांपेक्षा जास्त कमावते झाले, १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आलं. युनिसेफ आणि गॅलपच्या २०२१ च्या २१ देशांतल्या पाहणीतही हेच दिसतं. आजची मुलं आईवडिलांपेक्षा आर्थिकदृष्ट्या सुस्थितीत असतील असं म्हणणारे तरुण श्रीमंत देशांत एक तृतीयांशही नव्हते. त्यांना ‘लाडावलेले’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. ती मुलं रडत नाहीत, हिशेब सांगताहेत.

गंमत म्हणजे समाधान असून आशा नसणं हेही शक्य असतं, आणि ते सगळ्यात कमी लोकांच्या ध्यानात येतं. जपानमध्ये वर्षानुवर्षं अर्थव्यवस्था रेंगाळली, तरी तिथले विशीतले तरुण आपल्या आयुष्यावर समाधानी असल्याचं सरकारी पाहण्यांत सांगत होते. नोरितोशी फुरुइची या समाजशास्त्रज्ञाने २०११ मध्ये त्याचा उलगडा केला: उद्या आजच्यापेक्षा बरा असेल असं वाटेनासं झालं, की माणूस म्हणतो, मी आत्ताच सुखी आहे. म्हणजे इथे समाधान वाढलं ते आशा आटल्यामुळे! आशा आणि समाधान हातात हात घालून चालतात असं मानणाऱ्यांनी जपानपाशी जरा थांबावं.

बाकी फरक किरकोळ. इच्छा आणि अपेक्षा वेगळ्या, हे सांगायला नको. म्हणूनच ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना तिशीत कुठलं काम करत असाल असं तुम्हाला वाटतं, हे विचारतात, कुठलं आवडेल हे नाही. आणि ‘आफ्रिकेतले तरुण’ असं एका दमात म्हणू नका, ५४ देश आहेत ते. तरुण सगळीकडेच भविष्याबद्दल जरा जास्तच उदार असतात, हे अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी गॅलपच्याच आकडेवारीवरून दाखवलं आहे. त्यामुळे तरुणांच्या आशेची तुलना तरुणांशीच करावी.

एक उपगल्लत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आशा स्वतःबद्दलची की जगाबद्दलची? २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांना हवामानबदलाबद्दल विचारलं, तेव्हा पाऊण जणांनी भविष्य भीतिदायक वाटतं असं सांगितलं. भारतात ८० टक्के, फिलिपिन्समध्ये ९२. जगाची अशी धास्ती असलेलीच मुलं स्वतःच्या नोकरीचे, घराचे बेत जोमाने आखतात. यात विसंगती काही नाही, विषय दोन आहेत.

देशाचंही तसंच. तरुण आशावादी म्हणजे देश योग्य वाटेवर, हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की मोजणं सोडलं. नायजेरियात देश सोडून निघून जाण्याला योरुबा भाषेतला ‘जापा’ हा शब्द तरुणांच्या तोंडी रुळला आहे. लेगॉसमधली एखादी परिचारिका पाच वर्षांनी आठव्या पायरीवर असेन म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर ब्रिटनमधलं रुग्णालय असू शकतं. आपण मात्र तिचं उत्तर नायजेरियाच्या खात्यात जमा करतो.