कंबर पुढे, खांदे मागे

इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या शेजारच्या दादांना पहिल्यांदा कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा सळ्या-पट्ट्यांचा आधार, चढवून उभं केलं, तेव्हा घरचे ओरडले, "पुढे वाका, नाहीतर मागे पडाल!" फिजिओथेरपिस्ट ताई नेमकं उलट सांगत होत्या. कंबर पुढे काढा, खांदे मागे टाका. दादांनी तसं केलं आणि कुबड्यांवर जेमतेम भार देऊन ते उभे राहिले. हे कसं झालं, ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना.

दादांसारखी मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही. मग गुडघा मिटू नये म्हणून कॅलिपर त्याला तीन जागी दाबून धरतो: मांडीमागून, पोटरीमागून आणि गुडघ्याच्या समोरून. उभं राहिलं की सळीवरचं कडं खाली सरकतं, सांध्याला कुलूप लागतं. बसताना कडं वर उचलायचं. घोटाही बांधलेला असतो.

खुबा मात्र दादांच्या कॅलिपरमध्ये मोकळाच आहे! तरी ते कंबरेत मिटत नाहीत, कारण खुब्याच्या समोर एक अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा आहे, शरीरातला सर्वांत बळकट. खांदे मागे गेले की वजनाची रेषा खुब्याच्या मागून उतरते, अस्थिबंध ताणला जातो आणि धड तोलून धरतो. तिथे स्नायूंची गरजच लागत नाही. मला हा सगळ्यांत सुंदर भाग वाटतो.

चालणं मात्र कष्टाचं. कुबड्या पुढे टेकवायच्या, हातांवर अंग उचलायचं, दोन्ही पाय एकदम झोकायचे. पायांचं काम खांदे करतात, म्हणून लांब जायला दादा व्हीलचेअरच घेतात आणि ते योग्यच आहे. पण अनंत चतुर्दशीच्या झांकी, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, त्यांनी यंदा गर्दीत उभं राहून पाहिल्या.

पायांना बाहेरून बांधून चालवणारे, मोटरवरचे सांगाडेही आलेत. इस्रायलच्या अमित गॉफर यांनी बनवलेल्या अशा एका साधनाला 2014 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. 1997 च्या अपघातानंतर त्यांचे स्वतःचे हातही दुबळे झाले होते. कुबड्या पेलायला हात हवेत, त्यामुळे ते यंत्र त्यांनाच वापरता आलं नाही.

पायाला संवेदना नसल्यानं पट्टा रुतला तरी कळत नाही. रोज संध्याकाळी कॅलिपर काढला की वहिनी आरसा धरून कातडी तपासतात. लाली अर्ध्या तासात ओसरली नाही, तर पट्टा दुरुस्त होईपर्यंत कॅलिपर कपाटात.